फाटकी गाळणी आणि पातळ ऑइल

बाबा, गेल्या आठवड्यात मी तुमच्या मित्राशी भांडले. तेच ते, पूर्वी टॅक्सी चालवायचे, तुमच्या हातचा चहा घेतल्याशिवाय गॅरेजमधून हलायचे नाहीत. आता त्यांचे केस पांढरे झालेत आणि ते लालबागच्या एका ट्रस्टची ॲम्ब्युलन्स चालवतात. आठवड्यातून तीनदा चार पेशंटांना डायलिसिसला परळला नेतात आणि घरी आणून सोडतात. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी डिलाईल रोडचं हे गॅरेज अजून तुमचंच आहे. मी आपली तुमच्या माघारी ते सांभाळते, एवढंच.

ॲम्ब्युलन्स पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. आधीची सर्व्हिसिंग दुसरीकडे व्हायची. काकांनी सकाळी गाडी आणून उभी केली, चहा झाला, मी म्हटलं आता स्टार्ट करा. केली, आणि पुढून खडखड आली, डब्यात खिळे हलवावेत तशी. ऑइलचा लाल दिवाही विझायला वेळ लागला. चार-पाच सेकंदांनी सगळं गप्प झालं. काका म्हणाले, "हां, हे रोजचंच आहे. म्हणून तर गेल्या वेळी घट्ट ऑइल टाकून घेतलं, ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी. तरी आवाज येतोच. आता त्याच्याहून घट्ट मिळतं का बघ." मी गाडीच्या कप्प्यातलं पुस्तक काढलं. कंपनीने लिहिलं होतं, फाइव्ह डब्ल्यू थर्टी. मी म्हटलं, "काका, घट्ट नाही, पातळ टाकायचंय." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी पेशंटला बर्फाच्या लादीवर झोपवायला सांगितलं. "मुंबईच्या गर्मीत? ट्रॅफिकमध्ये पाणी होईल त्याचं, पाणी! तुझे बाबा असते ना, तर..."

तुम्ही असता तर काय म्हणाला असता, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी एकोणीस वर्षांची होते, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तुम्ही गिरगावात पार्ट आणायला गेला होता आणि एका अनोळखी टॅक्सीवाल्याची म्हातारी काळी-पिवळी ऑइल बदलायला आली. गॅरेजमध्ये नव्या, पातळ ऑइलचे डबे आले होते, टेन डब्ल्यू थर्टी, वर चकचकीत अक्षरांत काय काय लिहिलेलं. मी तेच ओतलं. तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं, असं वाटण्याचं ते वय होतं. दुपारी ती टॅक्सी अँटॉप हिलवरून दोरीला बांधून परत आली. प्रत्येक सिग्नलला लाल दिवा लागत होता आणि शेवटी इंजिन आतून ठोकायला लागलं. मागे बसलेल्या बाईला नवऱ्याला बघायला हॉस्पिटलात जायचं होतं, ती उन्हात उतरून चालत गेली. टॅक्सीवाला हे सांगतोय, तुम्ही ऐकताय आणि मी भिंतीला टेकून उभी आहे. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "गो चेडवा, डब्यावरचा वाचलंस, इंजिनाक इचारलंस काय? सगळ्यांका एकच चप्पल बसता?" मग माझ्याच हाताने ते ऑइल काढायला लावलंत. तोवर तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मी रडले नाही, पण घरी येताना तुमच्या दहा पावलं मागून चालत आले.

त्या दिवशी घरी कुळथाची पिठी होती आणि सोलकढी. जेवण वाढून झालं होतं आणि तुम्ही उठून मोरीजवळ गेलात. एका हातात चहाची जुनी, भोकं पडलेली गाळणी. तिच्यात आधी सोलकढी ओतलीत, ती सरळ खाली गेली. मग पिठी ओतलीत, ती थांबली, हळूहळू गळत राहिली. आई ओरडतेय, "जेवणाचो खेळ कसलो मांडलास?" तुम्ही तिच्याकडे लक्ष न देता तिचं नवं कोरं फडकं घेतलंत आणि त्याच्यावर पिठी ओतलीत. ती वरच राहिली, खाली थेंब नाही. "बघितलंस? झिजलेल्याक पिठी, नव्याक सोलकढी. आधी गाळणी बघ, मगे ठरव." आईने ते फडकं तुमच्या अंगावर फेकलं. मला हसू आलं आणि मग खूप भूक लागली.

त्या टॅक्सीच्या इंजिनात सगळ्या फटी झिजून मोठ्या झाल्या होत्या. तापलं की पातळ ऑइल त्यातून निसटून जायचं, दाब टिकायचाच नाही. ही ॲम्ब्युलन्स नव्या जमान्याची. हिच्या फटी केसासारख्या, आणि इंजिनातली पुढची साखळी ताणून धरायला ऑइलचाच दाब लागतो. सकाळी घट्ट ऑइल वर पोचेपर्यंत साखळी सैल, म्हणून आधीची खडखड आणखी वाढली. मी काकांना सगळं समजावलं. पहिला आकडा गार असताना ऑइल किती धावतं त्याचा, दुसरा तापल्यावर किती दाट राहतं त्याचा, आणि या इंजिनाला तापल्यावर तीसच पुरे, ते त्याच हिशेबाने बनवलंय. ते ऐकत होते, पण पटत नव्हतं. शेवटी कसेबसे हो म्हणाले.

जुनं ऑइल काढलं तर त्यातून प्लास्टिकचे काळे तुकडे पडले. साखळीला आधार देणारी पट्टी तुटायला लागली होती. हे फक्त ऑइलमुळे झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण साखळी निसटली असती तर गाडी पेशंटसकट रस्त्यात बंद पडली असती, हे नक्की. मी ट्रस्टच्या सेक्रेटरींना फोन केला, गाडी दोन दिवस मिळणार नाही. ते चिडले. "अहो मॅडम, फक्त ऑइल बदलायला पाठवली होती! पेशंट काय चालत जातील? नसेल जमत तर दुसरीकडे नेतो." मी म्हटलं, "न्या. पण हे तुकडे मी पिशवीत घालून तुमच्या टेबलावर ठेवणार आहे. आणि पेशंटांना मी नेते." संध्याकाळी ते तुकडे बघितल्यावर ते कामाला हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी डायलिसिसचाच वार होता. चौघांना माझ्या गाडीतून दोन खेपांत नेलं, आणलं. त्यातल्या एक आजी फणसवाडीतल्या. त्या मला म्हणाल्या, "बाई गॅरेज चालवते म्हणजे नवलच." मी म्हटलं, "आजी, सीट बेल्ट लावा."

तिसऱ्या दिवशी नवी साखळी, नवी पट्टी, फाइव्ह डब्ल्यू थर्टी. काकांनी चावी फिरवली. दिवा लगेच विझला. खडखड नाही. त्यांनी बंद करून पुन्हा लावली, पुन्हा बंद केली, तिसऱ्यांदा लावली. मग बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. आज सकाळी सेक्रेटरींनी ट्रस्टची दुसरी गाडीही पाठवली. ती जुनी आहे, चांगलीच झिजलेली. तिच्यात मी डोळे झाकून फाइव्ह डब्ल्यू थर्टी ओतणार नाही, आधी दाब मोजेन.

हे पत्र कुठे पाठवणार? वहीतच राहील. पण एक गोष्ट कुणाला तरी सांगायलाच हवी, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. काका त्या दिवशी आकड्यांनी तयार झाले नाहीत. मी शेवटी म्हटलं, "बाबांनीच मला सांगितलंय, आधी कंपनीचं पुस्तक बघायचं." तेव्हा त्यांनी लगेच मान हलवली आणि चावी माझ्या हातात दिली. बाबा, तुम्ही आयुष्यात एकाही गाडीचं पुस्तक उघडलं नव्हतं. मी खोटं बोलले. बावीस वर्षं हे गॅरेज चालवूनही माझा शब्द पुरला नाही, म्हणून तुमचा वापरला. पुढच्या वेळी नाही वापरणार.