त्या दुपारी गाडी कुठे होती

११ मार्च, मंगळवार

वाहतूक पोलिसांचं पत्र आलं — माझ्या नावाने! म्हणे लाल सिग्नल तोडला, सायकलवाल्याला धडक दिली, न थांबता पळाले. आणि एरवी मी रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबते म्हणून नवरा माझी टिंगल करतो.

नेमकं ह्यानेच ते पत्र फोडलं. हसत म्हणाला, "आधी वार बघ. गुरुवार, दुपार. तेव्हा तू लॅबमध्ये होतीस ना? मालकांना सांगायला लाव, मिटलं."

मी हो म्हटलं.

लॅबमध्ये नव्हते.

१२ मार्च

लॅबमध्ये दिवसभर कवळ्यांचं काम. एका कवळीच्या मेणात पुढचा दात उलटा बसवला. मालक म्हणाले, "बाई, हे लावून आजोबा हसले तर नातवंडं पळून जातील." मीही हसले. काय करणार.

गुरुवारी मी हॉस्पिटलात होते. छातीतल्या गाठीत सुई घालून तुकडा काढला, तपासायला पाठवला. घरी बोलले नाही. ह्याने आईंचं दुखणं एकट्याने निस्तरलं. आत्ता कुठे आंघोळ करताना शीळ घालायला लागलाय. त्याला परत त्या औषधांच्या वासात कसं न्यायचं?

निमूट दंड भरला असता. पण त्या सायकलवाल्याचा हात मोडलाय. ते माझ्या नावावर कसं घेऊ?

१३ मार्च

सांगितलं. भांडी विसळता विसळता, त्याच्याकडे पाठ करून. नळ वाहतच राहिला. त्यानेच येऊन बंद केला.

रागावेल वाटलं होतं. एवढंच म्हणाला, "रिपोर्ट कधी?"

"सोमवारी."

मग माझ्या हातातलं भांडं काढून घेत — "सुई दुखली का गं?"

तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

१५ मार्च, शनिवार

ह्याने आज चष्म्याचं दुकान उघडलंच नाही. आधी हॉस्पिटलच्या पार्किंगवाल्या काकांना गाठलं. साक्ष द्याल का, हे पुरतं विचारायच्या आत त्यांनी टोपी चढवली. तिघं मिळून वाहतूक शाखेत.

तिथल्या अधिकारी बाई कडक. काकांना म्हणाल्या, "एवढ्या गर्दीत यांची गाडी बरी लक्षात राहिली?"

"गाडी नाही हो, ताई लक्षात राहिल्या. गाडीवर बसून रडत होत्या. गाडी ढकलत सावलीत नेली, पाणी दिलं. म्हटलं, अशा अवस्थेत चालवू नका, जरा टेका."

ह्याने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाखाली माझा हात धरला, इतका घट्ट की अंगठी रुतली.

बाईंनी सिग्नलच्या कॅमेऱ्यातला फोटो मोठा करून पाहिला. नंबरातला आठ अर्धा पुसलेला — कोणीतरी तो तीन वाचला, म्हणून माझा नंबर निघाला. शिवाय त्या गाडीला एकच आरसा. खिडकीशी जाऊन त्यांनी खाली उभी असलेली माझी गाडी पाहिली. आरसे दोन्ही शाबूत.

"चूक आमची. तुमचं नाव काढते," म्हणाल्या. दारापर्यंत आल्या, आणि हळूच — "तब्येतीला जपा."

बाहेर ह्याने काकांना चहा पाजला. पुन्हा पुन्हा तेच विचारत होता — पाणी प्यायली का ही? काही बोलली का? एकटीच गेली? काका न कंटाळता सांगत होते. मी आपली कपात बघत बसले. त्या दुपारी काकांचे नीट आभारही मानले नव्हते. आज मानले. "अहो, पाण्याचे कसले आभार," म्हणाले.

१६ मार्च

आठाचा तीन ज्याने वाचला, त्याचं भलं होवो. नाहीतर उद्या रिपोर्टला एकटीच गेले असते.

१७ मार्च, सोमवार

कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलाय. सगळे प्रश्न ह्यानेच विचारले.