कोल्हापूरचे प्रस्थान

सोमवार, २ फेब्रुवारी

आज महाविद्यालयात निवड जाहीर झाली. कोल्हापूरच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेस आमचा दोघांचा संघ जाणार : मी आणि क्रांती. विषय : 'तंत्रज्ञानाने माणूस पंगू झाला आहे.' एकाने अनुकूल बोलायचे, दुसऱ्याने प्रतिकूल. दोन्ही वक्ते उभे राहिले तरच संघ ढालीस पात्र. अनुकूल बाजू अर्थातच माझी.

सदुसष्टाव्या वर्षी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात तत्त्वज्ञान शिकणारा, शास्त्राचा गंध असलेला वर्गातील एकमेव विद्यार्थी मी. क्रांती खांदेश्वरची, वीस वर्षांची, बुद्धीने तल्लख. परंतु एका हातात अखंड मोबाइल. म्हणजे कामाला हात एकच उरला.

प्राचार्य म्हणाले, ही ढाल आपल्याकडे आजवर आलेली नाही. मी मनात म्हटले, आजवर मीही आलो नव्हतो.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

क्रांतीने बसची तिकिटे काढली. गुरुवारी पहाटे साडेपाचची गाडी, कळंबोलीच्या पुलाखालून. स्पर्धा त्याच दिवशी दुपारी चारला. मी तिकीट मागितले. म्हणाली, "काका, तिकीट फोनमध्येच असतं. गाडीचा काही बदल झाला तर मेसेज पण त्याच्यावरच येतो." दिसत नाही, हाताला लागत नाही, तरी आहे असे म्हणायचे! ईश्वराविषयी आम्ही हेच म्हणतो तेव्हा ही मुले पुरावा मागतात.

नंतर माझा मोबाइल घेऊन तिने काहीतरी खटपट केली. आता मी कुठे आहे हे तिला दिसणार आणि ती कुठे आहे हे मला. चुकामूक नको म्हणून. मी सुनावले, मी कुठे आहे हे मला ठाऊक असते, ते तुझ्या यंत्राने सांगण्याची आवश्यकता नाही. वर्गासमक्ष हेही सांगितले की मनात आणले तर मी लाल एसटीने आदल्या दिवशीच कोल्हापुरास पोचून दाखवीन. सर्व निरुत्तर झाले. दोघे हसले, निरुत्तर माणूस हसतोच.

सोमवार, ९ फेब्रुवारी

भाषण मुखोद्गत. घरात म्हणून दाखवले. राजाबाई (आमचे कुटुंब) मटार सोलीत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "भाषण चांगलंय. पण सकाळपास्नं फोन तुमच्याच हातात दिसतोय." मी पंचांग पाहत होतो. छापील पंचांगाचे अक्षर अलीकडे फार बारीक काढतात. त्यास माझा इलाज नाही. शिवाय सर्व गटांवर नित्याचा सुविचार पाठवायचा होता. आजचा स्वरचित : 'मोबाइल हे मायेचे नवे रूप आहे.' पुष्कळांचे हात जोडलेले आले.

मंगळवार, १० फेब्रुवारी

मोठा दोष ध्यानात आला. गुरुवारी दक्षिणेस दिशाशूल. त्या वारी त्या दिशेने निघणे वर्ज्य, आणि कोल्हापूर दक्षिणेस! तिकिटे काढणाऱ्या यंत्रास एवढेही कळू नये?

परंतु शास्त्राने वाट ठेवली आहे : प्रस्थान. निषिद्ध वाराच्या आधी सुमुहूर्तावर आपली एखादी निकटची वस्तू, तांदूळ आणि सुपारीसह, जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असे धरतात. ती वस्तू घरी परत आणायची नाही. मागाहून आपण निघावे, दोष लागत नाही.

निकटची वस्तू म्हणून उपरणे काढून ठेवले होते. तेवढ्यात सुचले : मोबाइलच ठेवावा! दोष टळेल, आणि व्यासपीठावर सांगता येईल की मी कामोठ्याहून कोल्हापुरापर्यंत मोबाइलविना आलो आहे. प्रतिपक्ष जागच्या जागी कोसळेल.

राजाबाई म्हणाल्या, "प्रस्थानाला उपरणं ठेवतात, टोपी ठेवतात. कान कापून कोण ठेवतं?" स्त्रियांना तर्कशास्त्र शिकवले पाहिजे.

बुधवार, ११ फेब्रुवारी, सकाळ

सुमुहूर्तावर प्रस्थान ठेवले. दक्षिणेकडच्या इमारतीत हौसेराव राहतात; आमच्या साताऱ्याकडचे, ट्रॅव्हल्स गाड्यांच्या पार्सलच्या कामावर असतात. पिशवीत तांदूळ, हळकुंड, सुपारी, मोबाइल. त्याचा आवाज बंद केला. प्रस्थानाने किंचाळू नये. हौसेरावांना नीट समजावले : ही पिशवी माझ्या कोल्हापूरच्या प्रवासाचा आरंभ, ती माघारी माझ्या घरी येता कामा नये. "आण्णा, काळजीच सोडा," म्हणाले. जुन्या वळणाचा माणूस.

बुधवार, रात्री

हौसेराव कामावर जाता जाता स्वतः येऊन सांगून गेले. "आण्णा, आमची आई प्रस्थान शेजारच्या घरी ठेवायची. तवा गाड्या कुठं होत्या? तुमचं मी आत्ताच्या गाडीत घातलंय. सकाळच्याला डायरेक कोल्हापुरात! स्टँडाजवळच्या पार्सल हापिसात ठिवतील. तुमच्याकडनं काय भाडं घ्यायचं?"

क्षणभर दचकलो. मग विचार केला, शास्त्राला दिशा हवी आहे; अंतराची कमाल मर्यादा कोणी घातलेली नाही. पूर्वजांचे प्रस्थान गल्ली ओलांडून थांबत असे, माझे घाट चढून जाणार. समाधान वाटले.

राजाबाईंनी विचारले, तिकीट कुठे आहे? मी म्हटले, चालकाच्या यादीत नाव असते. त्या उठून आत गेल्या. पटले असावे.

गुरुवार, १२ फेब्रुवारी, पहाटे

कळंबोलीचा पूल. ठरल्या वेळेच्या पुष्कळ आधी पोचलो. क्रांतीचा पत्ता नाही. ही पिढी!

पुढे त्याच ठिकाणी

साडेपाच होऊन गेले. पुलाखाली रस्ता खोदलेला, ट्रकांची रांग. आत दिवे लागलेली एक गाडी वरून, पुलावरून निघून गेली. खिडकीपाशी एक मुलगी कानाला फोन लावून बसली होती, थेट क्रांतीसारखी. मोबाइलने सगळ्या मुलींची एकच मान वाकडी करून ठेवली आहे, ओळखायची कोणती?

सकाळी आठनंतर

येथे प्रवासी बोलावणारा एक दलाल आहे. चौकशी केली. म्हणाला, "बाबा, ती गाडी आज इकडे आलीच नाय. खोदकाम चालू हाय ना. कामोठ्याच्या स्टॉपवरनं उचलले सगळ्यांना. मेसेज आला असंल, बघा ना."

कामोठ्याचा थांबा आमच्या सोसायटीसमोर आहे.

त्याने विचारले, फोन कुठाय? मी म्हटले, कोल्हापुरास. "आन् तुमी?" त्याने चहावाल्याला हाक मारली, "ए, बाबांचा फोन पोचला, बाबा ऱ्हायले!" अशिक्षित समाजाचे हास्य. विद्वानाने ते मनावर घेऊ नये. घेतले नाही. चहा मात्र तसाच टाकून उठलो.

घरी जाऊन राजाबाईंच्या फोनवरून कळवावे असे मनात आले होते. परंतु एकदा निघाल्यावर उंबरा पुन्हा ओलांडणे निषिद्ध. शिवाय राजाबाई दारातच असतील. क्रांतीचा नंबर पाठ नाही. अन्य कोणाचाही नाही. लाल एसटीने स्वारगेट, तेथून पुढे. चारपर्यंत पोचेनच. वाहन नव्हे, निश्चय माणसाला पोचवतो.

स्वारगेट

निश्चय आहे. गाडी पंक्चर आहे.

कोल्हापूर, रात्री

साडेसातला सभागृहात पोचलो. झाडलोट चालू होती. व्यासपीठावरील माझ्या नावाच्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवलेली होती. तांदूळ, हळकुंड, सुपारी सर्व सुरक्षित.

घडले ते असे. पहाटे क्रांतीने मला अनेकदा फोन लावला. उत्तर नाही. तिच्या यंत्रात पाहिले तर मी कोल्हापुरात! वर्गातले माझे शब्द तिला आठवले. काका हट्टाने एसटीने आदल्या दिवशीच गेले. गाडीवाला थांबायला तयार होता, तिने सांगितले, निघा. दुपारी पोचताच यंत्राच्या मागे मागे मला शोधीत गेली, आणि पार्सलच्या फळीवर तिला पिशवी सापडली. पिशवी आहे, माणूस नाही. घरी फोन केला तर राजाबाई म्हणाल्या, ते पहाटेच निघाले. मग पनवेलपासून साताऱ्यापर्यंतच्या इस्पितळांना फोन करीत बसली. आयोजकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि तिला एकटीला बोलायला उभे केले.

ती काय बोलली ते झाडूवाल्याने मला सांगितले, त्याला वाक्य पाठच झाले होते : "माझे सहकारी मोबाइलचे गुलाम नाहीत, म्हणून या क्षणी ते कुठे आहेत हे कोणालाच माहीत नाही. मला आत्ता भाषण करायचं नाहीये, मला फक्त ते कळायला हवंय." आधी सभागृह हसले, म्हणाला, मग कोणी हसेना. उत्कृष्ट वक्त्याचे पदक तिला मिळाले. ढाल सांगलीला गेली. दोन वक्ते उभे राहणे आवश्यक होते.

मी दिसताच ती धावत आली. मी दिशाशूलाचे विवेचन सुरू करणार होतो. ती म्हणाली, "काका, मला वाटलं तुम्ही गेलात." आणि रडू लागली. मी खुर्चीवरची पिशवी उचलली आणि तिला बसायला जागा करून दिली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी, परतीच्या गाडीत

शुक्रवारी उत्तरेस दिशाशूल नाही. तरीही क्रांतीने माझे तिकीट माझ्या मोबाइलमध्ये घातले, ते कुठे उघडायचे हे तीनदा दाखवले आणि मी तीनदा पाहिले.

मग तिने विचारले, "काका, लोकेशन बंद करून टाकू? तुम्हाला आवडत नाही ना?"

मी खिडकीबाहेर पाहत म्हटले, असू दे.

ती झोपली आहे. पदक पिशवीत सुपारीशेजारी ठेवले आहे. मोबाइल मांडीवर आहे. आज कोणत्याही गटावर सुविचार पाठवलेला नाही.