दारावरची पाटी

अल खोर, कतार

चि. शिवराज भावजींना सुचित्रावहिनीचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. अनय कामावर गेला की वाचत बसते. कोमल जाऊबाईंचा गुडघा कसा आहे?

परवा एका पुस्तकात वाचलं, जुन्या जर्मनीत राजा आपला गड एखाद्या सरदाराला सांभाळायला देई. त्याला बुर्गग्राफ म्हणत. पुढे ते पद बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं आणि कित्येक गड सांभाळणाऱ्यांचेच झाले. अनयला हे सांगितलं तर तो हसला, "आई, आपला नाशिकचा फ्लॅट आहे, गड नाही."

हे गेल्यापासून ते घर तुम्हीच सांभाळलंत. ह्यांची पाटी काढून तुमची लावू का, असं विचारलंत. ह्यांची राहू द्या, भावजी. खाली तुमची लावा.

मी आले की बेल वाजवेन. दार तुम्ही उघडा.

तुमची,
वहिनी