कलम अकरा आणि कोनाड्यातली देवी

रविवार, १३ जुलै
नियमावली आज सर्वसाधारण सभेत मंजूर झाली. मसुदा संपूर्ण माझा. अध्यक्ष डॉ.नी आधीच सांगितलं होतं, "वकीलसाहेब, तुम्ही फक्त ड्राफ्ट करा, हात वर करवणं माझ्याकडे." तसंच झालं. अमेरिकेतलं हे जुनं चर्च देवळासाठी ज्यांनी विकत घेऊन दिलं, त्या अध्यक्षांना नाही म्हणण्याची इथे पद्धत नाही.

मूळ कारण सर्वांना ठाऊक आहे. डॉ.च्या मुलीचं लग्न. हॉल ऑगस्टचाच मिळाला आणि जोशीगुरुजींनी चातुर्मासात लग्न लावायला नकार दिला. आता कलम चार: धार्मिक बाबींतही अंतिम निर्णय विश्वस्त मंडळाचा. गुरुजी उपरणं सावरून उठले आणि गेले.

कलम अकरावर चर्चाच नाही. मंदिराची शांतता बिघडवणाऱ्यास सुनावणीविना, कारण न देता दूर करता येईल. माझा युक्तिवाद असा की सुनावणी दिली की पक्ष पडतात. देऊळ हे न्यायालय नव्हे. जेवताना माधवीनं विचारलं, "अप्पा, म्हणजे त्या माणसाला बोलायला चान्सच नाही? दॅट्स हार्श." म्हणालो, नागपूरला आयुष्य कोर्टात काढलेल्या बापाला हे विचारू नकोस. हे उत्तर नव्हतं. ती पोळ्या गुंडाळत राहिली.

शनिवार, २ ऑगस्ट
लग्न लागलं. न्यू जर्सीहून आणलेले गुरुजी, मंगलाष्टकंही घाईत. जोशीगुरुजी परवाच मुलाकडे टेक्सासला गेले, कायमचे. निरोप द्यायला मी गेलो नाही. औचित्याचा प्रश्न, असं स्वतःला सांगितलं.

डॉ.नी पाहुण्यांत ओळख करून दिली: "हे आमचे वकीलसाहेब. यांनी देवळाला कायदा दिला." लोक हात मिळवायला आले. आवडलं. नोंदवून ठेवतो, कारण पुढे नाकारीन.

रविवार, १४ सप्टेंबर
भिंतीतले कोनाडे आज रिकामे केले. पूर्वी तिथे चर्चचे संत उभे असत. आपल्या लोकांनी त्यांत आपापले देव ठेवले. प्रत्येकाचं व्रत निराळं, नैवेद्याची वेळ निराळी, शेगडीवरून भांडणं. मंडळाच्या नव्या ठरावाप्रमाणे एक गाभारा, एक पंचांग. सुधारणा योग्य होती. आजही तेच म्हणतो. अडचण सुधारणेत नाही.

सगळ्यांनी आपापल्या मूर्ती नेल्या. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सुमनताईंनी नेली नाही. वीतभर पितळी देवी, कोल्हापूरकडची, त्यांच्या माहेरची. श्रूजबरी गावातल्या कुणाच्या तरी गॅरेजमध्ये देऊळ भरत होतं तेव्हा ती एकटीच होती. गाभाऱ्यातले संगमरवरी देव फार नंतरचे. मी म्हणालो, तुमची मूर्ती घरी न्या. "माझी कुठे आहे, वकीलसाहेब? इथली आहे. मी फक्त विमानातून मांडीवर घेऊन आले."

गुरुवार, १८ सप्टेंबर
क. ११ चा पहिला वापर. सुमनताई समितीतून, स्वयंपाकघरातून, आवारातूनही दूर. ठराव माझ्या अक्षरातला, चार ओळी, निर्दोष. कळवण्याचं कामही डॉ.नी माझ्यावरच टाकलं.

फोनवर त्या शांत होत्या. म्हणाल्या, "एकदा सगळ्यांसमोर बोलू द्या. मग काढा." मी म्हणालो, तशी तरतूद नाही.
"तरतूद ठेवली नाही कुणी?"
मी फोन ठेवला.

देवी टॉवेलात गुंडाळून कार्यालयाच्या कपाटात ठेवली. किल्ली माझ्याकडे.

सोमवार, २२ सप्टेंबर
घटस्थापना. गाभाऱ्यात पूजा व्यवस्थित. देवीच्या कोनाड्यात मागच्या भिंतीवर तेलाचा डाग उरला आहे. स्वच्छतावाल्या मुलांनी दोनदा घासला, फिका झाला, गेला नाही. कुणीतरी त्यासमोर एक शेवंतीचं फूल ठेवलं होतं. चौकशी करावी असं मनात आलं. केली नाही.

वडील न्यायशास्त्र शिकवत. त्यांच्याकडे शिकताना पहिला दंडक हाच की पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आधी मांडायचा, आणि तो असा मांडायचा की प्रतिपक्षानंही म्हणावं, हो, माझं म्हणणं हेच. त्यानंतर खंडन. सबंध आयुष्य त्या पद्धतीवर काढलं आणि इथे येऊन जे एकमेव विधान रचलं, त्यातून पूर्वपक्षच

(माधवीनं हाक मारली. अपुरं राहिलं. पुढे लिहिण्यासारखं नाही.)

शनिवार, २२ नोव्हेंबर
नवे गुरुजी ओहायोहून आले. निवड माझी. तीन-चार व्हिडिओ पाहून मीच शिफारस केली होती: भरदार आवाज, शुद्ध उच्चार. प्रत्यक्षात कृश, लाजरे, माइकशिवाय दुसऱ्या रांगेपर्यंतही न पोचणारे. डॉ. कानाशी म्हणाले, "व्हिडिओत वेगळेच वाटले हो." हसले, पण हसणं पुरतं नव्हतं.

खरा प्रकार पुढे. आरती झाली की ताट आधी डॉ.समोर जातं. असं कुठे लिहिलेलं नाही. पहिल्या दिवसापासून जातं, इतकंच. डॉ. दोन्ही तळवे पुढे करून उभे होते. गुरुजींनी ताट दाराजवळच्या एका मुलीपुढे नेलं. व्हर्जिनियातल्या हर्नडनहून नुकतीच बदली होऊन आलेली, कोणाच्या ओळखीची नाही. ती गोंधळली, मग तिनं आरती घेतली. तिथून रांगेनं. डॉ.ची पाळी बऱ्याच जणांनंतर.

नंतर गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही पाठवलेली नियमावली वाचली होती ना. कलम नऊ. आरतीत मानाचा क्रम नाही."
बरोबर आहे. कलम नऊ माझंच. ते डॉ.ना लागू होईल हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. इतरांसाठी लिहिलं होतं ते.

रविवार, ७ डिसेंबर
डॉ. मला बैठकीच्या तारखा कळवत नाहीत. पार्किंगमध्ये भेटले, बर्फावरून जपून चालायला सांगितलं, गाडीत बसले. आतून कळलं की मंडळात माझ्याबद्दल बोलणं चाललं आहे: वकील माणसं कायदा करतात आणि देव विसरतात. हे वाक्य डॉ.चं. सप्टेंबरमध्ये माझ्याविषयी असंच दुसरं कुणीतरी म्हणालं होतं, तेव्हा डॉ.नी त्याला गप्प केलं होतं.

रविवार, ११ जानेवारी
क. ११ चा दुसरा वापर. ईमेल आली. ठराव चार ओळींचा. सुमनताईंचाच मजकूर, नाव तेवढं बदललेलं. माझ्या भाषेत दुरुस्ती करण्यासारखं त्यांना काही सापडलं नाही. किल्ली पुढच्या रविवारी दुपारपर्यंत परत करायची.

डॉ.ना फोन केला. म्हणालो, सभेत मला दहा मिनिटं बोलू द्या.
"तशी तरतूद नाही ना काका." इतक्या दिवसांत पहिल्यांदा काका. "आणि या थंडीत कशाला यायचं? आराम करा आता."

कपाटातल्या मूर्तीचं काय, असं विचारलं. बर्फ वितळला की तळ्यात विसर्जन करू, म्हणाले. सहज. जुना फ्रिज टाकून देऊ म्हणावं तसं.

माधवी म्हणते, "अप्पा, लेट इट गो." तिचं बरोबर असेल. तिला काय सांगू, की माझ्यावर अन्याय झाला अशी तक्रार करायला मला जागाच उरलेली नाही. ती वाट मी स्वतः बांधून बंद केली, आणि दगड चांगले घडवले होते.

शनिवार, १७ जानेवारी
दुपारी देवळात गेलो. आवारात जायला मला मनाई आहे; किल्ली आहे तोवर दार उघडतं. कपाट उघडलं, देवी टॉवेलातून काढली. पितळ काळवंडलं होतं. पंच्याच्या टोकानं जमेल तेवढं पुसलं आणि कोनाड्यात ठेवली. तेलाच्या डागावर बरोबर बसली.

वळलो तर नवे गुरुजी मागे उभे.
"ठराव आहे?"
"नाही."
ते कोनाड्याजवळ आले. मग म्हणाले, "काढायची तर मला नवा ठराव लागेल. कोनाडे रिकामे करण्याचा जुना अमलात येऊन गेला." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आत गेले, निरांजन घेऊन आले.

त्यांचा युक्तिवाद तपासला. सगळ्या बाजूंनी टिकतो. ठराव हवा म्हणजे सभा हवी. सभा भरली की कुणाला तरी या देवीविषयी मोठ्यानं बोलावंच लागेल. कुणी बोलेल की नाही, सांगता येत नाही. डॉ. उद्या सकाळी आरतीला येतील आणि कदाचित कुणालाही न विचारता उचलून नेतील. नियमाची वाट पाहणारा माणूस नव्हे तो. मीच त्यांना तसं समजत होतो.

घरी येऊन सुमनताईंना फोन लावला. देवी कोनाड्यात ठेवली, हे सांगितलं. उद्या काय होईल ते ठाऊक नाही, हेही सांगितलं. पलीकडे शांतता. कुकरची शिट्टी ऐकू आली, मग दुसरी. 
मी फोन ठेवला नाही.