नावेचं गाणं आणि गावाची दाढ

५ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास,

अनेक आशीर्वाद. लोकांच्या दाढा उपटण्यातून सवड काढून हे पत्र शेवटपर्यंत वाच, नेहमीसारखं पहिली ओळ आणि सही बघून ठेवून देऊ नकोस.

माझ्या गळ्यातली गाठ आता काढायचीच असं ठरलं आहे. घाबरू नकोस. घाबरण्याचं काम तुझ्या भाऊजींनी अंगावर घेतलंय आणि ते मन लावून करताहेत. दुकानात गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडतात, ते तसंच उघडं टाकून घरी येतात आणि माझ्या गळ्याकडे बघत बसतात. सर्जन म्हणाले की गाठ बहुधा साधीच असेल, पण आवाजाची नस तिला अगदी खेटून गेली आहे, त्यामुळे आवाज बदलू शकतो. मी विचारलं, किती बदलेल? ते म्हणाले, आत गेल्यावर कळेल. मी म्हटलं, आमचा नळ दुरुस्त करणाराही हेच म्हणतो.

म्हणून गाणी टेप करून ठेवली. शाळेतल्या पोरांसाठी मी आजवर रचलेली सगळी : छत्रीचं, नावेचं, झोपाळू मांजरीचं. पेटीवरही मीच. मांजरीच्या गाण्यात मध्येच एक घड्याळ टोले देतं. ते थांबवा म्हणून मी भाऊजींना हातवारे करत होते. पण बंद पडलेलं घड्याळ चालू झालं याचाच त्यांना इतका आनंद झाला, की तेही हातवारे करून माझं अभिनंदन करत राहिले.

एक कॅसेट तुला पाठवते आहे. एकटा राहतोस, घरात कुणाचा तरी आवाज हवा. लग्नाचा विषय काढत नाही. (काढला, असं समज.) पण एकट्यानेच ऐक, चारचौघांत लावू नकोस. मला खोकला होता, आणि नावेच्या गाण्यातला वरचा सूर मी लांबूनच नमस्कार करून सोडला आहे.

ऑपरेशनला येऊ नकोस. तू आलास तर मला दोघांना धीर द्यावा लागेल. आठवण काढ, पण काळजीने नको, मायेने काढ.

तुझी ताई

—

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

कॅसेट पोचली. तुझी आज्ञा मोडली आहे, ते आधी सांगून टाकतो. माझ्या घरचा टेप कॅसेटी खातो. तुझी कॅसेट त्याच्या तोंडी द्यायला धीर होईना. धड टेप आहे तो दवाखान्यात. दुपारी कोणी नाही असं बघून लावली, तर नेमका एक ट्रकचालक आत आला. हा एवढा धिप्पाड माणूस, पण खुर्चीत बसला तो तिचे हात असे धरून, जणू खुर्चीच त्याला घेऊन पळणार होती. मी टेप बंद करायला गेलो तर म्हणाला, असू द्या डॉक्टर, बाई छान म्हणताहेत. तुझी नाव पाण्यात उतरेपर्यंत त्याने हात सैल सोडले होते. दाढ कोरून झाली तरी त्याला पत्ता नाही.

हे आमच्या मदतनीस बाईंनी पाहिलं. त्यांना सगळे पेशंट कर्नलबाई म्हणतात, मीही म्हणतो, पण मनात. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला, की यापुढे प्रत्येक पेशंटला कॅसेट पहिल्यापासून. पेशंट बदलला की त्या स्वतः ती मागे फिरवतात. त्यामुळे आता सगळं रांगेत बसलंय : छत्रीच्या गाण्याला इंजेक्शन, जीभ जड होते; नावेच्या गाण्याला ड्रिल; आणि मांजरीच्या गाण्याला कापूस चावून गप्प बसणे. घड्याळाचे टोले पडले की पेशंट उठतो.

चारचौघांत लावली नाही म्हण. एका वेळी एकच जण असतो, आणि त्याला तोंड मिटता येत नसल्याने तो टीकाही करत नाही.

तू येऊ नको म्हणालीस, म्हणून येत नाही. पण त्या दिवशी मी कुणाचीही दाढ काढणार नाही. हात थरथरला तर भलतीच निघायची.

आहे तेवढी माया राहू दे, वाढवली तरी चालेल.

तुझा भोपळ्या

—

२० मार्च

प्रिय डॉक्टर,

स. न. वि. वि. मला पत्र लिहिता येत नाही, हे तुम्ही जाणताच.

ऑपरेशन झालं. ताई ठीक. गाठ तपासायला पाठवली आहे, उत्तर यायला वेळ आहे. तोवर मी घड्याळाकडे बघत नाही, माझ्या धंद्यात हे अवघड आहे.

तिला बोलायची बंदी आहे. पाटीवर लिहून बोलते. पहिले दोन दिवस घरात इतकी शांतता होती, की दुकानातली सगळी घड्याळं घरी आणावीत असं वाटलं. परवा चहात साखर जास्त पडली म्हणून ती पाटीवर माझ्याशी भांडली. मध्येच खडू संपला. लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदा भांडण जिंकलो. मग करमेना. जाऊन खडूंची अख्खी पेटी घेऊन आलो.

तुमच्याकडच्या कॅसेटसारखी एक इथेही आहे. ताई स्वयंपाकघरात असताना मी ती सहज लावली. तिने येऊन बटण दाबलं, कॅसेट काढली आणि पाटीवर काहीच लिहिलं नाही. तुम्ही तिला पत्र लिहीत जा.

लोभ आहे, त्याला चावी देण्याची गरज नाही.

तुमचे भाऊजी

—

१४ मे

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

गाठ साधी निघाली, हे भाऊजींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी काय करत होतो, ते तुला सांगायचं राहिलं. बेकरीवाल्या काकूंची दाढ भरून झाली होती, मांजरीचं गाणं चाललं होतं. कर्नलबाईंनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला. भाऊजी म्हणाले, साधी आहे. एवढंच. मी हसायला लागलो, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकूंच्या तोंडात कापूस. आपल्या दाढेत डॉक्टरांना काय दिसलं या भीतीने त्या खुर्चीतच आडव्याच्या उभ्या झाल्या. कर्नलबाईंनी त्यांना दाबून परत बसवलं आणि सांगितलं, तुमची नाही हो, बहिणीची! तेव्हापासून ती मांजर लागली की मला ते "साधी आहे" ऐकू येतं. रोज कितीतरी वेळा तुझी गाठ नव्याने साधी निघते. धंद्याला हे चांगलं.

नावेचं मात्र वाईट झालंय. बँकेतले कॅशियर तक्रार घेऊन आले. त्यांच्या मुलीने आईच्या दाढेच्या वेळी बाहेर बसून ते गाणं पाठ केलं. आता ती ते जेवताना म्हणते आणि कॅशियरना, त्यांचीही डावी दाढ मीच कोरलेली असल्याने, त्या बाजूने घास चावता येत नाही. शेजारच्या सलूनवाल्यांना भिंतीतून तेच ऐकून ऐकून शीळ घालायची सवय लागली. परवा त्यांच्या खुर्चीत तो ट्रकचालक दाढीला बसला होता. शीळ सुरू झाली, याने दचकून गालावर हात नेला, आणि वस्तरा हाताला लागला. पट्टी बांधायला माझ्याकडेच आला. आत टेपवर नाव चालू होती, म्हणून दारातच उभा राहिला.

तू गावात न येता गावाच्या दाढेत जाऊन बसली आहेस. हसलीस का? हसायला बंदी नाही ना?

पाटीवरून का होईना, लोभ कळवत जा.

तुझा भोपळ्या

—

९ ऑगस्ट

चि. भोपळ्यास,

आशीर्वाद.

हसले नाही. राग आला, आणि रागवायला आवाज नाही म्हणून आणखी आला.

बोलण्याची बंदी उठली त्याला बरेच दिवस झाले. आवाज आला आहे. गंजलेल्या बिजागरीचा असतो तसा. भाजीवाली म्हणाली, सर्दी झाली वाटतं. दूधवाल्याने फोनवर मला भाऊजी समजून हिशेबाऐवजी क्रिकेटची चौकशी केली. ते सगळं ठीक आहे. पण परवा शाळेत गेले, छत्रीचं गाणं म्हणायला घेतलं, तर पहिली ओळ निघाली आणि वरचा सूर येतो तिथे नुसती हवा. पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. पहिल्या बाकावरची चिमुरडी तिची पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ आली.

मुख्याध्यापिकांना राजीनामा दिला आहे. त्या म्हणतात, सुट्टीपर्यंत विचार करा. विचार काय करायचा? त्या कॅसेटमधली बाई निराळी होती, ती गेली. भाऊजी तिला लपून ऐकतात, दुकानात, टेप कानाला लावून. मला ठाऊक आहे. मला त्या बाईचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुला सांगते.

तुझ्याकडची कॅसेट फेकून दे. लोकांच्या दाढेत माझी आठवण नको.

ताई

—

२ सप्टेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

फेकणार नाही. कर्नलबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, आधी मला फेका. त्यांचं वजन पाहता तो विषय तिथेच संपला.

बाकी मी काय लिहू? लहानपणी मी पडलो की तू फुंकर घालायचीस आणि मला खरंच बरं वाटायचं. मला तशी फुंकर घालता येत नाही. मला फक्त दात बघता येतात. भाऊजी लिहितात की तुझी खालची दाढ हलते आहे आणि तू ती कुणाला दाखवत नाहीस. तर सुट्टी लागली की इकडे ये. टेप बंद ठेवीन, शपथ. गाण्याविषयी अवाक्षर काढणार नाही. तू बिजागरीसारखं बोल, मी दाराआड उभा राहून ऐकेन.

रागासकट ये. लोभ कुठे जात नाही, हे मला माहीत आहे.

तुझा भोपळ्या

—

२१ डिसेंबर

चि. भोपळ्यास,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले, कळवायला मात्र उशीर झाला. दाढ शांत आहे. कर्नलबाईंना सांग, त्यांनी माझं डोकं ज्या जोराने धरलं होतं तो जोर मानेला अजून आठवतो.

तुझ्याकडे होते तेव्हा एक गोष्ट तुला सांगितली नाही. तोंडाने सांगायला गेले असते तर रडले असते, आणि तू लगेच जबडा तपासायला लागला असतास.

निघायच्या आदल्या दिवशी मी पोस्टात गेले होते. रांग हलत नव्हती. खिडकीतले कारकून एका म्हाताऱ्या गृहस्थांना पाकिटावर पत्ता कुठे लिहायचा हे समजावत होते. मी उभी होते, मनात पुड्या बांधायची सुतळी घ्यायची राहिली वगैरे चाललं होतं. माझ्या पुढच्या बाईंनी उगाच गालावर हात ठेवला. थंडी असेल म्हटलं. मग त्यांच्या पुढच्या माणसाने ठेवला. मग मागे कुणीतरी कण्हलं. खिडकीतल्या कारकुनाचा शिक्का हवेतच थांबला. आणि तेव्हा मला कळलं, भोपळ्या, की मी गुणगुणते आहे. नावेचं. ऑपरेशननंतर घरीसुद्धा कधी तोंडून निघालं नव्हतं, आणि तिथे, त्या पोस्टात, माझं मलाच न कळता.

पुढच्या बाई वळल्या. डॉक्टरांकडे गातात त्या बाई तुम्हीच का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होते, पण आता तो आवाज नाही राहिला. त्या म्हणाल्या, कानाला नसेल कळलं बाई, दाढेला बरोबर कळलं. मग सगळी रांग बोलायला लागली. कारकून म्हणाले की आवाज जरा खाली उतरलाय, पण बाई त्याच आहेत. तुझ्या बेकरीवाल्या काकू मागून पुढे आल्या. त्यांची दाढ कित्येक महिने ठणकत होती म्हणे. ज्या दुपारी ती थांबली त्या दुपारी त्या घरी जाऊन पोटभर झोपल्या, आणि त्यांना या गाण्याने अजून तीच झोप येते. त्यांनी मला पुढचं म्हणायला सांगितलं. म्हाताऱ्या गृहस्थांनी हात जोडून सांगितलं की निदान त्यांचं तिकीट लावून होईपर्यंत थांबा.

मी हसले. हसणंही आता घोगरंच येतं. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मग बराच वेळ बसूनच राहिले. पाकीट पोस्टात टाकायचं राहिलं.

घरी आल्यावर पेटी काढली. वरच्या पट्टीत आवाज जात नाही, म्हणून सगळी गाणी खाली उतरवून बसवते आहे. राजीनामा परत घेतला. मुख्याध्यापिकांनी तो पुढे पाठवलाच नव्हता. आणि गंमत बघ, वरचा सूर पोरांनाही कधी लागत नव्हता, बिचारी इतकी वर्षं माझ्यासाठी किंचाळत होती! परवा सगळ्यांनी मिळून म्हटलं. पहिल्या बाकावरची चिमुरडी म्हणाली, बाई, आता तुम्ही आमच्या मजल्यावर राहायला आलात.

नवी कॅसेट पाठवते आहे. ही मात्र दवाखान्यात लावलीस तर याद राख. माया आहे, पण धाकही आहे.

तुझी ताई

—

११ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

घरी नवा टेप आणला. दूध तापत ठेवलं, कॅसेट लावली आणि जरा बसलो. आधी ओळखू आली नाहीस. मग अंगाई लागली, तीच जी तू आपल्या घरच्या गच्चीत माझ्यासाठी म्हणायचीस, पण इतकी खाली, जवळून, की मला वाटलं तू शेजारी बसून म्हणते आहेस. पहिल्या कॅसेटमधली ताई शाळेत गायची. ही घरात गाते. मला ही जास्त आवडली. असं म्हणणं तुला आवडेल की नाही माहीत नाही, पण खरं ते लिहिलं.

दूध अर्थातच करपलं. सगळ्या घरात वास, पातेल्याचं बूड काळं. काल पुन्हा अंगाई लावली, तर दूध नव्हतं, चूल बंद, आणि तरी तो वास आला. तेव्हा या गाण्याला माझ्याकडे काय चिकटलं ते तुला कळलंच. वाईट वाटून घेऊ नकोस. पातेलं घासताना मी तुझ्या मागोमाग मोठ्याने म्हणत होतो, इतका मोठ्याने की वरच्या मजल्यावरच्या बाई धावत खाली आल्या. त्यांना वाटलं, आज डॉक्टरांचीच दाढ दुखते आहे. दार उघडून त्यांना आत बोलावलं, चहाला दूध नव्हतं म्हणून कोराच केला, आणि तुझी अख्खी कॅसेट ऐकवली.

त्या उद्या परत येणार आहेत. दूध घेऊन. लग्नाचा विषय काढू नकोस.

लोभ होता, आहे, आणि खालच्या पट्टीत असला तरी तसाच असू दे.

तुझा भोपळ्या