तेल वाळेपर्यंत

पाविया,
२ डिसेंबर १९८६

ती. पप्पांना,
सा. न. वि. वि.

नाताळला येते, अगदी नक्की. आई गेल्यानंतरचा पहिला नाताळ तुम्हाला एकट्याला काढू देणार नाही.

तुम्ही विचारलंत, तुझी ती पेटी करते तरी काय? बेकलाइटच्या दोन पाट्या, मध्ये बारीक फट, फटीत वायू, आणि विजेचा जबर दाब. आकाशातून आलेला कण आरपार गेला की ठिणगी पडते. आणि गंमत ऐका, पाट्यांना आतून जवसाचं तेल लावतात! तुम्ही खिडक्यांच्या लाकडाला देता तेच. लहानपणी नाक मुरडायची मी. आता त्या वासानं रडू येतं. सोबतचे सगळे जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत गेलेत. दिवसभर बोलायला ही पेटीच.

तब्येत जपा, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
ओर्नेला

मोनोपोली,
९ डिसेंबर

चि. ओर्नेला हिस अनेक आशीर्वाद.

आकाशातले पाहुणे मोजतेस, बापाच्या दारात कोण येतं तेही मोज की! कुणी नाही, बाई. तुझी आत्या लेकाकडे बारी शहरात गेली. मी मांजरीशी बोलतो, तर तीही उठून जाते.

नाताळच्या जेवणाला वाम मासळी सांगून ठेवली आहे, चांगली जाडजूड. तुझ्या खोलीच्या खिडकीला तेल देतोय. आईची खुर्ची हलवायला हात होत नाही. तू समोर बसलीस की घास उतरेल.

वाट पाहतो आहे, हे वेगळं सांगत नाही.

तुझा,
पप्पा

पाविया,
१७ डिसेंबर

ती. पप्पांना,
सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण तुमचा आवाज ऐकून धीर सुटला असता. मी येत नाही.

लवकर गाडी पकडायची म्हणून तेल पुरतं वाळू दिलं नाही. वीज सोडली, तर कण आला नसतानाही प्रवाह चढतच गेला. पेटी उघडली; आत चिकट थेंब लोंबत होते. आता दुसरी पेटी, पुन्हा तेल, आणि आत कोरडी हवा सोडून ते वाळेपर्यंत राखण. जानेवारीत चाचणी झाली नाही तर माझी जागा जाईल. तुमच्याकडे यायच्या घाईनंच मला इथं अडकवलं, पप्पा. फार एकटं वाटतंय.

रागावा, पण लिहीत राहा.

तुमची,
ओर्नेला

मोनोपोली,
२७ डिसेंबर

चि. ओर्नेला हिस अनेक आशीर्वाद.

राग आला होता, खोटं कशाला बोलू? दोन ताटं मांडली आणि एक तसंच उचललं. वाम मांजरीनं खाल्ली, मजा आहे तिची.

तुझ्या खिडकीचंही ऐक. तू येणार म्हणून उतावळेपणानं मी जाड थर दिला, आणि तो अजून चिकटच आहे. लावली तर चौकटीला धरून बसेल, म्हणून उघडीच ठेवली आहे. समुद्राचा गारठा घरभर फिरतो. मी कोट घालून जेवतो.

काल शेजारीण माझं नाव घेऊन ओरडली, अहो विताल्यानो, लावा ती खिडकी, आजारी पडाल! मी म्हटलं, राहू दे, मुलगी यायची आहे.

तुझा,
पप्पा