वातभर्जक आणि तुझं स्वयंपाकघर

आई,

कुरकुरीत म्हणजे नक्की काय, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. खाऊ घातलंस भरपूर, पण ते होतं कसं हे बघायला आत आलो की 'तू आपला पाठ म्हण, इथे लुडबूड नको' म्हणून उंबऱ्याबाहेर काढायचीस. परिणाम असा की सगळे विभक्तिप्रत्यय तोंडपाठ, पण सालं काढलेली मुगाची डाळ आणि उडदाची डाळ शेजारी ठेवली तर गोंधळणारा एक प्रौढ मुलगा तुझ्या मागे उरला. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितोय ते स्वयंपाकातलं विचारायला, हे तुला माझ्या स्वभावाला धरूनच वाटेल. पण दुसऱ्या कोणाला विचारू? तुझं सगळं ज्या एका माणसाला तू शिकवलंस ती तुझी सून आतल्या खोलीत पडून आहे, आणि प्रश्न तिच्याच जेवणाचा आहे.

तिला कॅन्सर झालाय. तू या शब्दाला 'तो आजार' म्हणायचीस, जणू नाव घेतलं तर ओ देऊन घरात येईल. आम्ही नाव घेत नव्हतो तरी आलाच. तीन डोस झालेत, तीन राहिलेत. केस गेले, त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. म्हणाली, तुझ्या टकलाला सोबत झाली. पण जिभेची चव गेली तेव्हा ती गप्प झाली. गूळ आणि मीठ तिला सारखंच लागतं, मऊ खिचडी ओल्या कागदासारखी. आणि पनवेलचे डॉक्टर सांगतात की वजन बेचाळीसच्या खाली गेलं तर पुढचा डोस देता येणार नाही, शरीराला झेपणार नाही. आज सकाळी काटा बेचाळीस पॉइंट तीन दाखवत होता. येत्या सोमवारी तिथे नेऊन पुन्हा वजन करायचंय. ती काट्यावर उभी राहते तेव्हा मी श्वास रोखून धरतो, माझ्या फुंकरीनेसुद्धा ती हलकी होईल अशी भीती वाटते.

तिथली आहाराचं सांगणारी मुलगी, तुझ्या नातीच्या वयाची, मला म्हणाली, "काका, प्रत्येक घासात प्रोटीन गेलं पाहिजे. आणि त्यांना आवडेल असं करा हां, औषधासारखं नको." मी मान डोलावली. प्रथिन म्हणजे काय ते मी तिला व्युत्पत्तीसह सांगू शकलो असतो, पण आवडेल असं करायचं म्हणजे काय ते मला कोणी सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशी तुझ्या कढईत मुगाचे वडे तळायला घेतले. तेल तापल्याचा वास आत गेला आणि ती उलट्या करकरून अर्धी झाली. त्या दिवशी पोटात जेवढं गेलं होतं तेवढंही बाहेर आलं. तुझी कढई मी घासून माळ्यावर ठेवून दिली.

मग तुझ्या नातीने, माझ्या मुलीने, पुण्याहून एक यंत्र पाठवलं. एअर फ्रायर. तुझ्यासाठी मी त्याचं नाव वातभर्जक ठेवलंय. वाऱ्याने भाजतो तो. डब्यासारखा डबा, आत टोपली, वर तापलेली तार आणि पंखा. चमचाभर तेलात तळल्यासारखं होतं असा त्याचा दावा. वास नको म्हणून तो पडवीत ठेवलाय, जिथे तू नारळ सोलायला बसायचीस. पहिल्या दिवशी मी डाळीचं पीठ थेट टोपलीत ओतलं आणि ते जाळीतून खाली गेलं. दुसऱ्या दिवशी पनीरचे तुकडे एकावर एक रचले. वाफ धरली आणि चपलेच्या टाचेसारखे झाले. तिसऱ्या दिवशी सोयाबीनच्या वड्या भिजवून तशाच पाण्यासकट टाकल्या. त्यांचं वर्णन करत नाही. चौथ्या दिवशी, त्या डब्यासमोर उकिडवा बसलेलो असताना, एकाएकी तुझा आवाज आठवला. वड्याची डाळ तू जुन्या पंचावर पसरून ठेवायचीस आणि कोणी घाई केली की म्हणायचीस, "ओलं आणि कुरकुरीत एका घरात नांदत नाहीत." बास. मी डाळ निथळली, पंचावर कोरडी केली, भरड वाटली, तांदळाचं पीठ लावून चपट्या टिक्क्या केल्या, डबा आधी रिकामा तापवला, टिक्क्या एकमेकींना न शिवता मांडल्या, वरून तेलाचं बोट फिरवलं आणि मध्ये एकदा उलटल्या. बाहेर आल्या त्या खरपूस होत्या. तिने एक उचलली, चावली, आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. म्हणाली, "चव नाही रे. पण आवाज येतोय."

चव गेलेल्या माणसाला आवाज उरतो हे मला त्या दिवशी कळलं. मग मी आवाजामागे लागलो. हरभऱ्याच्या डाळीचा, वालाचा, चण्याचा, दही टांगून केलेल्या कबाबाचा आवाज. आठवडाभर चाललं. मग तेही थांबलं. एक टिक्की, अर्धी टिक्की, मग नुसतं हातात धरून बसणं. परवाच्या रविवारी मी तिच्यावर ओरडलो, आई. घास पुढे धरून ओरडलो की खा, तुला कळत नाही का, खा. ती भिंतीकडे तोंड करून रडली, आणि मी पडवीत येऊन रिकामा वातभर्जक चालू करून बसलो, आत तिला वाटावं की काहीतरी शिजतंय.

सोमवारी दुपारी ताट नेलं तर ती डोळे न उघडताच पुटपुटली, "सोड रे."

तुला माहीत नसेल, पण तुझ्यासमोर ती मला अहो म्हणायची आणि तुझी पाठ फिरली की अरे. तो 'रे' माझा खासगी आहे. त्यामुळे तो ऐकला आणि मी ताट तसंच मागे नेलं. मंगळवारी पुन्हा तेच. मी ताट घेऊन पडवीत बसलो आणि जन्मभर मुलांना शिकवलं तेच स्वतःवर करून बघितलं. सोड: आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन. कर्म अध्याहृत. अध्याहृत कर्म संदर्भावरून घ्यावं, असं मी फळ्यावर हजार वेळा लिहिलं असेल. इथला संदर्भ काय? ताट सोड? हट्ट सोड? पनवेलच्या खेपा सोड? का मला सोड? पहिली तीन कर्मं मी मनातल्या मनात लावून बघत होतो आणि प्रत्येक वेळी चौथ्यावर येऊन थांबत होतो. दोन दिवस मी हे कोणाला बोललो नाही. मुलीचा फोन आला तर म्हणालो, आई बरी आहे, झोपलीय.

काल, बुधवारी, सहन होईना. तिच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, "मी काय सोडू ते एकदा नीट सांग."

तिने डोळे उघडले. "काय सोडू म्हणजे?"

"दोन दिवस म्हणतेयस ना, सोड रे म्हणून."

चुकीचा प्रत्यय लावणाऱ्या पोराकडे मी जसा बघतो तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग शक्य तितक्या मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "सो-डे. सोडे म्हणतेय मी. सुके सोडे. कोळंबीचे. खायचेत मला. तू काय समजून बसलास?"

मी सांगितलं. तिला हसू आलं, हसताना खोकला आला, खोकता खोकता म्हणाली, "मेल्या, एवढं संस्कृत शिकलास आणि कान कोरायचे राहिले." मीही हसलो. मग दोघांचंही हसणं ओसरलं आणि ती पांघरूण ओढत म्हणाली, "पण जाऊ दे. आईंच्या घरात नको."

ती मुरुडची, मासळीवर वाढलेली, हे तुला आमच्या लग्नाआधीपासून माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माहेराहून एस.टी.ने आली तेव्हा पिशवीत एक पत्र्याचा डबा होता. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी आहेस, ओल्या हातांनी. विचारतेस, "यात काय गं?" ती सरळ सांगते, "सोडे आहेत, आई. सोललेली कोळंबी, उन्हात वाळवलेली. माझ्या आईने दिलेत." तू आवाज चढवत नाहीस. एवढंच म्हणतेस, "तुला आम्ही काही कमी केलंय का?" आणि झावळ्या न्यायला आलेल्या बाईला तो डबा देऊन टाकतेस. दुसऱ्या दिवशी तू नवा डबा आणून त्यात चकल्या भरून तिच्या हातात ठेवल्यास. तुझी तीच माफी होती, आणि तिलाही ते कळलं. त्यानंतर तिने माहेराहून काही आणलं नाही. मी त्या वेळी चार हातांवर पुस्तक उघडून बसलो होतो. पान उलटलं नाही, आणि वर मानही केली नाही.

इतकी वर्षं मी हे तुझ्या खात्यावर टाकून निवांत होतो. पण तू गेल्यावर वर्षभराने, मेथी निवडताना, तिने सहज विचारलं होतं, "आता कधीतरी चालेल का रे?" मी म्हणालो, "आईला काय वाटलं असतं?" तुला काय वाटलं असतं हे तुला विचारायची सोय नव्हती, आणि मला तेच सोयीचं होतं. मला नुसता तो वास नको होता, आई. एकोणीस वर्षं या घरातली बंदी तुझी नाही, माझी आहे. तुझं नाव मी फक्त दारावर लावून ठेवलं.

म्हणून आज सकाळी अलिबागच्या बाजारात गेलो. सुक्या मासळीच्या ओळीत शिरलो तर पहिल्याच बाईने ओळखलं. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. "मास्तर? आन् तुमी सुक्या मासलीत? वाट चुकलाव काय?"

"सोडे हवेत," मी म्हणालो.

"कोनाला?"

"घरी."

"घरी कोनाला?" तिला मजा वाटत होती. मी बायकोच्या आजाराचं सांगितलं तशी ती थट्टा थांबवून टोपलीतले मोठे मोठे सोडे वेचायला लागली. "वैनी मुरुडच्या नं. माना ठावं हाय. भिजवाल कती येल?"

"रात्रभर?"

"रातभर? मास्तर, त्ये सोडे हायेत, वाल न्हाईत. रबर व्हईल त्याचा. तुमचा यक शोलोक म्हना, तवर भिजवा. आनि लांबडा नको, आखूड म्हना." वर मूठभर जास्त घातले आणि मला काही बोलू दिलं नाही.

पिशवी स्कूटरच्या डिकीत, सहामाहीच्या उत्तरपत्रिकांखाली ठेवून आणली. घरी येऊन, खरंच, एक अनुष्टुभ म्हणेपर्यंत भिजवले. पंचावर दाबून कोरडे केले. हळद, तिखट, मीठ, तांदळाचं पीठ, तेलाचं बोट. पहिल्या खेपेला पंख्याच्या वाऱ्याने ते आतल्या आत उडाले आणि वरच्या तारेला चिकटून जळले. इतकी हलकी वस्तू मी त्या डब्यात कधी घातली नव्हती. तेवढ्यात आतून तिने विचारलं, "झाले का?" गेल्या पंधरा दिवसांत जेवणाबद्दल तिने स्वतःहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न. दुसऱ्या खेपेला वरून दुधावरची जाळी दाबून ठेवली, चार मिनिटांनी हलवले, आणखी चार मिनिटं दिली. बशीत ओतले तेव्हा खुळखुळले.

तिने एक तोंडात टाकला. दारात उभ्या असलेल्या मला तो आवाज ऐकू आला. मग दुसरा. मग भाताचा घास, वर तिसरा. मी मोजत होतो आणि मोजतोय हे तिला कळू नये म्हणून खिडकीतून सुपारीच्या झाडांकडे बघत होतो. अकरा सोडे आणि अर्धी वाटी भात, आई. उलटी नाही. सोमवारपर्यंत असंच चाललं तर काटा कदाचित तिथेच थांबेल. कदाचित नाही थांबणार. चावता चावता तिने विचारलं, "मीठ कसं झालंय रे? मला कळत नाही."

"अगदी बरोबर," मी म्हणालो.

दुपारभर ती पाणी मागत होती. तीन पेले झाले तेव्हा माझ्या लक्षात आलं. सोड्यांना त्यांचं स्वतःचं मीठ असतं हे बाजारातल्या बाईने सांगितलं नव्हतं, कारण ते चाखणाऱ्याला आपोआप कळतं.

हे पत्र उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातच राहील. तुझा पत्ता मला ठाऊक नाही, आणि असता तरी शेवटची ओळ लिहून पाठवायचं धैर्य झालं नसतं. मी चाखून बघितलं नव्हतं.